घरी फॅमिली डे केअर सुरू करताय? कळवायचं काय आणि किती वेळात

मेलबर्नला आल्यावर आपल्यातल्या बऱ्याच जणी घरच्या घरी फॅमिली डे केअर, म्हणजे स्वतःच्या घरात दुसऱ्यांची मुलं सांभाळायची सेवा, सुरू करायचं ठरवतात. मुलं सांभाळायचा अनुभव असतोच. कोर्स होतो, स्कीममध्ये (म्हणजे ज्या मान्यताप्राप्त संस्थेच्या देखरेखीखाली तुम्ही काम करता तिच्यात) नोंदणी होते, घराची पाहणीही होते. मात्र काही घडलं किंवा घरात काही बदललं, तर कोणाला आणि कधी सांगायचं याकडे सुरुवातीला फारसं कोणी लक्ष देत नाही. म्हणून आधी तेच सांगते.

तुम्ही थेट सरकारला कळवत नाही. तुम्ही आपल्या स्कीमला कळवायचं. स्कीम पुढे राज्याच्या नियामकाकडे, म्हणजे अशा सेवांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी यंत्रणेकडे, ऑनलाइन नोंद करते. पण तिच्या हातात वेळ थोडा असतो. गंभीर घटना घडली की, किंवा ती कळली की, 24 तासांच्या आत नियामकापर्यंत माहिती गेली पाहिजे. यातले दहा तास तुम्ही ‘बघू, सकाळी सांगू’ म्हणून घालवलेत तर तिची पंचाईत होते. म्हणून मूल सुरक्षित झालं, गरज असेल तर 000 ला (इथला इमर्जन्सी नंबर) फोन झाला, पालकांना कळवलं, की लगेच कोऑर्डिनेटरला, म्हणजे स्कीमच्या तुमच्याशी संपर्कात असणाऱ्या व्यक्तीला, फोन करा.

गंभीर म्हणजे नेमकं काय? हाड मोडलं, दम्याचा मोठा झटका आला, ॲलर्जीने श्वास अडकला, फिट आली, म्हणजे तातडीने डॉक्टरकडे किंवा हॉस्पिटलमध्ये न्यावं लागेल असं काहीही. तुम्ही नेलं नाही, पण नेणं गरजेचं होतं, तरीही ते यात येतं. इमर्जन्सी सेवा घरी आली तरी येतं. आणि सर्वांत जास्त दडवलं जातं ते म्हणजे मूल दिसेनासं होणं. मागचं फाटक उघडं राहिलं, पोर शेजारच्या अंगणात गेलं आणि दोन मिनिटांत सापडलं, तरी ती कळवायची घटना आहे. चुकून मूल घरात कोंडलं गेलं किंवा बाहेर राहिलं, तर तेही तसंच. मूल सुखरूप मिळालं म्हणून विषय संपत नाही, कारण ते फाटक उद्याही तिथेच असतं.

साधं खरचटलं, टेंगूळ आलं तर नियामकाला कळवायची गरज नाही. पण त्याची लेखी नोंद आणि पालकांना निरोप, दोन्ही 24 तासांच्या आत हवंच. या नोंदी मूल 25 वर्षांचं होईपर्यंत जपाव्या लागतात, म्हणून घाईत काहीतरी खरडून ठेवू नका.

मारहाण किंवा लैंगिक अत्याचार झाला, किंवा तसा नुसता आरोप झाला, तरी तो कळवायची मुदत पूर्वी 7 दिवस होती. 1 सप्टेंबर 2025 पासून ती 24 तास झाली आहे. इथे ‘खरं असेल का’ हे ठरवणं तुमचं काम नाही. आरोप आपल्या ओळखीच्या माणसावर असला, तरी नाही.

आता घरातल्या बदलांविषयी. आपल्याकडे हा प्रश्न हमखास येतो, कारण आई-बाबा किंवा सासू-सासरे व्हिसावर काही महिने राहायला येतात. 18 वर्षांवरचं कोणीही घरात राहायला येणार असेल तर स्कीमला सांगणं बंधनकारक आहे. त्या व्यक्तीची पोलीस तपासणी किंवा वर्किंग विथ चिल्ड्रन चेक (मुलांच्या आसपास वावरणाऱ्यांची सरकारी पडताळणी) लागतो. ‘त्या पाहुण्या आहेत, राहायला थोड्याच आल्यात’ हे आपलं आपण ठरवू नका. तिकीट काढलं की कोऑर्डिनेटरला विचारा, कारण कागदपत्रांना वेळ लागतो. स्वतःचा मुलगा किंवा मुलगी 18 ची होणार असेल तरी आधीच सांगून ठेवा. मुलं घरात असताना येणाऱ्या पाहुण्यांची वहीत नोंद ठेवायची असते आणि पाहुण्याच्या भरवशावर मुलांना एकटं सोडायचं नसतं. आजींनी आयुष्यभर नातवंडं वाढवली असतील, त्यांच्या मायेबद्दल कोणाला शंका नाही. पण तुम्ही खाली दुकानात जाऊन येईपर्यंत पोरं त्यांच्याकडे ठेवता येत नाहीत. हे त्या यायच्या आधीच त्यांना प्रेमाने समजावून सांगा, नाहीतर इथे आल्यावर त्यांना अपमान वाटतो.

स्वयंपाकघराचं काम काढणार असाल, कुंपण बदलणार असाल, अंगणात पाण्याची टाकी बसवणार असाल, तर कामगार बोलावण्याआधी स्कीमला कळवा. घराची पाहणी वर्षातून किमान एकदा होतेच, पण मधले बदल तुम्ही सांगितल्याशिवाय त्यांना कळत नाहीत.

नवीन आलेल्यांना भीती वाटते की, कळवलं तर परवानगी जाईल, व्हिसाला धक्का लागेल. पण वेळेवर कळवलेली घटना हा इथे रोजचा कारभार आहे. त्यावर प्रश्न येतात, उत्तरं द्यायची, सुधारणा करायची. लपवलेली गोष्ट मात्र पालकांकडून किंवा हॉस्पिटलकडून बाहेर येते आणि मग तुमच्या शब्दावर कोणी विश्वास ठेवत नाही. ते मूल ज्यांनी तुमच्या भरवशावर सोडलं, त्यांना खरं कळायलाच हवं.

पहिलं मूल घरी येण्याआधी कोऑर्डिनेटरला एक गोष्ट विचारा: संध्याकाळी किंवा शनिवार-रविवारी काही कळवायचं असेल तर कोणत्या नंबरवर? तो नंबर स्वतःच्या फोनमध्ये ठेवा, नवऱ्याच्याही फोनमध्ये ठेवा.