एकच क्रियापद घ्या : लोकलमधलं ‘गेट ऑफ’

परळला मी संध्याकाळी इंग्रजी बोलण्याचा वर्ग घेते. येणाऱ्या बहुतेक बायका नोकरी आटोपून थेट येतात. कुणी पॅथॉलॉजी लॅबमधून, कुणी कापडाच्या दुकानातून. नवीन आलेल्या बहुतेकींच्या मोबाइलवर एक यादी असतेच, पन्नास फ्रेझल व्हर्ब्ज (क्रियापदाला ‘ऑफ’, ‘ऑन’सारखा छोटा शब्द जोडून होणारी क्रियापदं) अर्थासहित. यादी तोंडपाठ असते, पण बोलायची वेळ आली की त्यातलं एकही ओठांवर येत नाही. म्हणून मी यादी बाजूला ठेवायला सांगते आणि एकच क्रियापद देते, ‘गेट ऑफ’. उतरणं. मुंबईत हे काम चुकत नाही, त्यामुळे सरावाला रोज जागा आणि वेळ दोन्ही आपसूक मिळतात.

सुरुवात आपल्या रोजच्या प्रश्नापासून करा. भायखळा सुटलं की लेडीज डब्यात दाराकडे सरकताना आपण पुढच्या बाईला विचारतो, ‘दादर? उतरणार ना?’ हाच प्रश्न इंग्रजीत असा : ‘आर यू गेटिंग ऑफ ॲट दादर?’ उत्तर सोपं आहे. ‘येस, आय ॲम.’ नाहीतर, ‘नो, आय ॲम गेटिंग ऑफ ॲट कुर्ला.’ उतरणं अजून व्हायचंय, तरी इथे ‘विल’ लागत नाही. ठरलेल्या, जवळ आलेल्या गोष्टीसाठी इंग्रजीत ‘गेटिंग’ हेच रूप सहज वापरतात. हा प्रश्न मनातल्या मनात रोज विचारा. डब्यात मोठ्याने बोलायची गरज नाही, ओठ हलले तरी पुरे. शब्द मात्र जोडून म्हणा, ‘गेटॉफ’. तोडून म्हटलं की वाक्य अडखळतं, आणि समोरच्याने वेगाने बोललेलं ऐकताना ओळखूही येत नाही.

आता मराठी माणूस हमखास अडतो ती जागा. आपण म्हणतो ‘ट्रेनमधून उतरले’, ‘बसवरून उतरले’. त्या ‘मधून’, ‘वरून’मुळे इंग्रजीत ‘फ्रॉम’ शिरतं आणि ‘आय गॉट ऑफ फ्रॉम द ट्रेन’ असं वाक्य तयार होतं. ‘फ्रॉम’ काढून टाका. ‘ऑफ’मध्ये ते आलेलंच आहे. ‘आय गॉट ऑफ द ट्रेन.’ गाडीचं नाव लगेच पुढे. स्टेशन सांगायचं तर ‘ॲट’ : ‘आय गॉट ऑफ ॲट घाटकोपर.’ ‘दादरला’मधल्या ‘ला’साठी ‘टू’ लावायचा मोह होतो, तो टाळा. आणि ‘इथे’ म्हणायचं असेल तर ‘ॲट’सुद्धा नको, नुसतं ‘आय गेट ऑफ हिअर’.

एवढं बसलं की लांब वाक्यं घ्या. करी रोडला फास्ट गाडी थांबत नाही, हे आपल्याला माहीत आहे. शहरात नवीन आलेल्या माणसाला माहीत नसतं. त्याला सांगून बघा : ‘धिस ट्रेन डझन्ट स्टॉप ॲट करी रोड. गेट ऑफ ॲट दादर अँड टेक अ स्लो ट्रेन.’ वाट दाखवताना क्रियापद असं पुढे घेतलं तर ते उद्धट वाटत नाही. माझ्या वर्गातली एक ताई हे वाक्य घरी पाहुण्यांसमोर बोलून आली आणि दुसऱ्या दिवशी वर्गात सगळ्यांना शिकवत बसली. मला फार आनंद झाला. रोजच्या रस्त्याबद्दल बोलताना माणूस घाबरत नाही, कारण मजकूर त्याचा स्वतःचा असतो. शोधायचे असतात फक्त शब्द.

फलाट कोणत्या बाजूला येणार, हेही विचारता आलं पाहिजे : ‘विच साइड डू वी गेट ऑफ?’ स्टेशन चुकलं तर : ‘आय कुडन्ट गेट ऑफ, इट वॉज टू क्राउडेड.’ ऑफिसला उशीर झाल्यावर कळवायला हे वाक्य हुकमी आहे.

‘गेट डाउन’चं काय, हा प्रश्न दर वेळी येतो. भारतात ते सर्रास बोललं जातं आणि आपापसांत सगळ्यांना कळतं, त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण इंग्लंड-अमेरिकेतल्या माणसाच्या कानाला ‘गेट डाउन’ म्हणजे खाली वाकणं, नाहीतर शिडीवरून, स्टुलावरून खाली येणं. परदेशातल्या क्लायंटशी बोलणाऱ्यांनी किंवा इंग्रजीची परीक्षा देणाऱ्यांनी ‘गेट ऑफ’ची सवय लावून घ्यावी. उतरणं याच अर्थाचा ‘अलाइट’ हा शब्द सूचनांमध्ये दिसतो, तो वाचून समजला की झालं. बोलताना वापराल तर पुस्तकी वाटेल.

टॅक्सीसाठी मात्र ‘गेट ऑफ’ चालत नाही. ज्या वाहनात उभं राहता येतं, चार पावलं चालता येतं, तिथे ‘गेट ऑन’ आणि ‘गेट ऑफ’ : लोकल, बेस्टची बस, वर्सोवा-घाटकोपर मेट्रो, विमान, गेटवेहून मांडव्याला जाणारी फेरी. ज्यात वाकून शिरायचं आणि बसूनच राहायचं, तिथे ‘गेट इन’ आणि ‘गेट आउट ऑफ’ (हा ‘of’, ‘off’ नव्हे) : काळी-पिवळी टॅक्सी, कार, रिक्षा. ‘शी गॉट आउट ऑफ द टॅक्सी ॲट लालबाग.’ स्कूटर, सायकल आणि घोड्यावर आपण वर बसतो, म्हणून तिथे पुन्हा ‘ऑन’ आणि ‘ऑफ’. ‘गेट आउट’ म्हणजे हाकलून देणं, असं मनात घट्ट बसलेलं असतं, म्हणून बायका हे शब्द तोंडातून काढायला कचरतात. एकट्या ‘गेट आउट!’ला तो अर्थ आहेच. पुढे ‘ऑफ द टॅक्सी’ आलं आणि वाक्य स्वतःबद्दल असलं की त्यात काही वावगं नाही. ड्रायव्हरला सांगायचं असेल तर सगळ्यात सोपं, ‘प्लीज ड्रॉप मी हिअर’.

शब्दांची जागा बदलली की अर्थ बदलतो, हे एकदा हाताने करून बघा. बोटातली घट्ट बसलेली अंगठी ओढत म्हणा, ‘आय कान्ट गेट धिस रिंग ऑफ.’ इथे वस्तू मध्ये आली आणि अर्थ झाला काढणं. उतरण्याच्या अर्थाने मात्र ‘गेट’ आणि ‘ऑफ’ यांच्यामध्ये काही घालायचं नाही. ‘गेट द ट्रेन ऑफ’ असं कधीच होत नाही. वर्गात मी अंगठीचं वाक्य खऱ्या अंगठीनेच करून घेते. साबण लावल्यासारखं बोट फिरवत एकेक जण बोलते, आणि शब्दांचा क्रम पुन्हा सांगावा लागत नाही.

बाकीचे अर्थ मागाहून आपोआप येतात. कामावरून सुटणं : ‘आय गेट ऑफ वर्क ॲट सिक्स.’ फोन ठेवणं : ‘लेट मी गेट ऑफ द फोन.’ थोडक्यात सुटणं : सेकंड क्लासचं तिकीट घेऊन फर्स्ट क्लासमध्ये चढलेल्याला टीसीने नुसती समज दिली, तर ‘ही गॉट ऑफ विथ अ वॉर्निंग.’ यातला कामावरून सुटण्याचा अर्थ आधी उचला, कारण सहा वाजता तो लागतोच. दोन्ही वाक्यं जोडून घरी फोनवर सांगा : ‘आय गेट ऑफ वर्क ॲट सिक्स, अँड आय गेट ऑफ ॲट ठाणे ॲट सेव्हन.’ वेळ आणि स्टेशन आपापलं घाला, आणि उद्या गाडी लेट झाली तर तेवढी वेळ बदलून हेच वाक्य पुन्हा म्हणा.