अभंगाचे रसग्रहण कसे करावे? चोखोबांच्या ‘ऊस डोंगा’वरून

रसग्रहण लिहायला बसले की बरेच जण आधी सरळ अर्थ लिहितात आणि शेवटी अलंकारांची नावे जोडून मोकळे होतात. अभंगाला हात घालायचा तो कानापासून. आपल्या सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याच्या संत चोखामेळ्यांचा अभंग घेऊ.

आधी तो मोठ्याने म्हणा, मग अक्षरे मोजा. जोडाक्षर एकच धरायचे, ऱ्हस्व-दीर्घ पाहायचे नाही.

‘ऊस डोंगा परी । रस नोहे डोंगा । काय भुललासी । वरलिया रंगा ॥’

चारही चरणांत सहा-सहा अक्षरे. ‘मोठा अभंग’ या छंदाची नेहमीची बांधणी सहा-सहा-सहा-चार; तुकोबांचे ‘सुंदर ते ध्यान । उभे विटेवरी । कर कटावरी । ठेवोनिया’ मोजून पाहा. तिथे यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणात आहे, इथे दुसऱ्या-चौथ्यात. चोखोबांचा शेवटचा चरण आखूड नाही, त्यामुळे प्रश्न पूर्ण वजनाने अंगावर येतो. पुढे ‘कमान डोंगी परी’त सात अक्षरे भरतात. तो दोष समजू नका. गाताना एक अक्षर सहज सामावते.

आता अलंकार. नुसते ‘दृष्टान्त’ लिहून थांबू नका, दाखल्यांची रचना उलगडा. डोंगा म्हणजे वाकडा. वाक्याचा साचा एकच ठेवून त्यात आधी ऊस येतो, मग कमान म्हणजे धनुष्य, मग नदी. रूप वाकडे, पण रस, तीर (बाण) आणि पाणी वाकडे नाही. दाखले ऐकणाऱ्याच्या रोजच्या पाहण्यातले आहेत का, हेही तपासा. पंढरपुरात भीमा चंद्रकोरीसारखी वळते, म्हणून ती चंद्रभागा. ‘नदी डोंगी’ म्हटल्यावर वारकऱ्याला वेगळे समजवावे लागत नाही.

सर्वांत जास्त वेळ नाममुद्रेला, म्हणजे कवीचे नाव येते त्या ओळीला, द्या. ‘चोखा डोंगा परी । भाव नोहे डोंगा’: त्याच साच्यात आता कवी स्वतः उभा आहे. जातीमुळे ज्याला विठ्ठलाच्या देवळाबाहेर ठेवले, त्याचा हा युक्तिवाद आहे. तीन दाखल्यांना मान डोलावलेल्या श्रोत्याला चौथा नाकारता येत नाही. अभंगाचे सारे बळ मला या क्रमात दिसते.

पडताळा घ्यायचा तर ‘चोखा डोंगा’ ही ओळ सर्वांत वर नेऊन अभंग पुन्हा म्हणा. काय हरवले ते दोन-तीन वाक्यांत लिहा आणि रसग्रहणाची सुरुवात त्याच वाक्यांनी करा.