रात्री दोनचं विमान: मुंबईहून न्यूयॉर्कला निघताना

तिकीट हातात पडलं की आधी तारीख बघा. विमान उडायची नव्हे, घरून निघायची. मुंबईहून अमेरिकेकडे आणि युरोपकडे जाणारी बरीचशी विमानं मध्यरात्र ते पहाट या वेळात सुटतात. तिकिटावर १४ तारीख आणि ०१:५५ अशी वेळ असेल, तर १३ तारखेला रात्री आठच्या आत तुम्ही जेवून घराबाहेर पडलेले हवेत. १४ च्या रात्री निघालात, तर ते विमान न्यूयॉर्कला कधीच उतरलेलं असेल.

मी गेल्या ऑगस्टमध्ये १४ च्या रात्रीची तयारी केली होती. बहीण न्यूयॉर्कजवळच्या जर्सी सिटीला, तिचं पहिलं बाळंतपण, आईचा पहिलाच परदेश प्रवास, म्हणून मी सोबत. १४ ला संध्याकाळी साडेसातला बॅगा दाराशी लावलेल्या, शेजारच्या काकू निरोप द्यायला आलेल्या, आणि बहिणीच्या नवऱ्याचा विमानतळावरून फोन आला: "ताई, विमान उतरून दीड तास झाला. आई अजून बाहेर आल्या नाहीत. सामान मिळायला उशीर होतोय का?" आई सोफ्यावर बसली होती, नवी चप्पल घालून.

पुढचं तिकीट मिळालं ते पाच दिवसांनी. बाळ आम्ही पोहोचायच्या दोन दिवस आधी झालं. बहिणीला कळा सुरू झाल्या तेव्हा आई डोंबिवलीत फोन धरून बसली होती. मला ती एका शब्दाने बोलली नाही. म्हणून ही यादी लिहिते आहे आणि म्हणून तारखेचं पुन्हा पुन्हा सांगणार आहे.

चूक होते कुठे, तेही समजून घ्या. आपल्या बोलण्यात रात्रीचे दोन हे आधीच्या दिवसाचे असतात. 'शुक्रवारी रात्री दोनला झोपलो' म्हणतो, तेव्हा घड्याळाने शनिवार लागलेला असतो. पंचांगातही वार सूर्योदयाला बदलतो. विमान कंपनीचा दिवस मात्र ००:०० ला सुरू होतो. रात्री उशिरा कल्याणहून लांबची गाडी पकडणाऱ्यांना हा घोळ माहीत असतो, पण विमानाच्या वेळी तो आठवत नाही. तेव्हा भिंतीवरच्या कालनिर्णयमध्ये १४ च्या चौकोनात काही लिहू नका. १३ च्या चौकोनात लिहा: 'आज रात्री आठला निघायचं.' ऑफिसची सुट्टी १३ पासून टाका. टॅक्सी आगाऊ बुक करताना १३. दूधवाल्याला, पेपरवाल्याला, कामाच्या मावशींना १३. घरातल्या आणखी एकाला तिकीट दाखवा आणि 'आपण कुठल्या रात्री निघायचं?' असं विचारा. तुम्ही उत्तर सांगू नका, त्याला वाचू द्या. मी कुणालाच दाखवलं नव्हतं. १३ ला सकाळी वेब चेक-इनचा मेल पाहिला, तो ४८ तास आधी येतो असं गृहीत धरलं आणि बाजूला ठेवला. तो २४ तास आधीचा होता.

विमान चुकलं तर फक्त जायचं तिकीट जात नाही. न कळवता पहिला टप्पा चुकवला की त्याच तिकिटावरचे पुढचे सगळे टप्पे रद्द होतात, परतीचासुद्धा. मला हे काउंटरवर कळलं. चुकणार असं लक्षात आलं तर विमान सुटायच्या आधी कंपनीला फोन करा. सुटल्यावर हातात फारसं काही उरत नाही.

कागदपत्रं. पासपोर्ट, व्हिसा हे कुणी विसरत नाही, पण वयस्कर माणसांचा अमेरिकेचा व्हिसा पुष्कळदा जुन्या, मुदत संपलेल्या पासपोर्टात असतो. तो चालतो, मात्र दोन्ही पासपोर्ट सोबत हवेत. तिकिटावरचं नाव पासपोर्टात आहे तसंच. जिथे राहणार तिथला पत्ता आणि फोन नंबर कागदावर लिहून आईवडिलांच्या पर्समध्ये ठेवा, कारण ऐन वेळी मोबाइल चालेलच असं नाही. भारतीय नागरिकांना निघताना भरायचा इमिग्रेशनचा छापील फॉर्म २०१७ च्या जुलैपासून बंद आहे, तो शोधत बसू नका. वारंवार जात असाल तर फास्ट ट्रॅक इमिग्रेशनची, म्हणजे पासपोर्ट तपासणीच्या रांगेऐवजी स्वयंचलित दारातून जायच्या सोयीची, नोंदणी करून ठेवा. मुंबईत ती सोय जानेवारी २०२५ पासून आहे.

व्हीलचेअर लागणार असेल तर दोन दिवस आधी मागा. आई आधी नको म्हणाली, 'मी काय आजारी आहे का?' म्हणाली. टी-२ वर, म्हणजे मुंबईच्या आंतरराष्ट्रीय टर्मिनलवर, आत शिरल्यापासून गेटपर्यंत किती चालावं लागतं ते तिला माहीत नव्हतं. औषधं हातातल्या बॅगेत, मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, आणि चिठ्ठीवर ब्रँडबरोबर औषधाचं मूळ नावही. पॉवर बँकही हातातल्याच बॅगेत. १०० वॉट-अवरपर्यंत चालते, म्हणजे नेहमीची २०,००० एमएएचची नेता येते. मोठ्या बॅगेत ठेवलीत तर बॅग उघडायला लावतात.

आता खाऊ, कारण बाळंतपणाला जाणारी आई रिकाम्या हाताने निघत नाही. सुकं खोबरं, वाटी असो की किस, मोठ्या बॅगेत ठेवू नका. ते आपोआप तापू शकणाऱ्या ज्वलनशील मालात धरतात आणि मुंबईतच काढून घेतात. तांदूळ नेऊ नका. धान्याला लागणाऱ्या खापरा भुंग्याच्या भीतीने अमेरिका आपल्याकडचा तांदूळ प्रवाशांच्या सामानातून येऊ देत नाही. ताजा कढीपत्ता नाही, आंबे नाहीत, मांसाचं काही नाही. बाकी जे खाण्याचं असेल ते विचारलं की सांगून टाका, लपवू नका. सांगितलेली वस्तू फार तर फेकून देतात, लपवलेलीला दंड होतो. हातातल्या बॅगेत लोणचं, तूप, श्रीखंड हे सगळं द्रवातच मोजतात, १०० मिलीच्या वर नाही.

आणि खसखस. आमचं पहिलं तिकीट थेट विमानाचं होतं, दुसरं मिळालं ते अबू धाबीमार्गे. संयुक्त अरब अमिरातीत खसखशीवर बंदी आहे, तिथे ती अमली पदार्थांच्या कायद्यात येते, आणि आईच्या डिंकाच्या लाडवांत ती होतीच. सगळा डबा घरी ठेवावा लागला. आईने निघायच्या आदल्या दिवशी खसखस न घालता अळिवाचे केले. दुबईमार्गे असाल तरी हेच. झोपेच्या आणि तीव्र वेदनांच्या काही गोळ्यांनाही तिथे परवानगी लागते, आधी बघून घ्या.

अबू धाबीमार्गे जाताना अमेरिकेचं इमिग्रेशन आणि कस्टम्स तिथेच होतात. २०१४ पासून ही व्यवस्था आहे. चांगली आहे, कारण न्यूयॉर्कला उतरल्यावर सरळ सामान घेऊन बाहेर पडता येतं. पण मधला थांबा तीन तासांपेक्षा कमी असलेलं तिकीट घेऊ नका, तिथे सुरक्षा तपासणीही पुन्हा होते.

विमानतळावर पोहोचणं. अमेरिकेच्या विमानाला साडेतीन-चार तास आधी, सहारला टी-२ वर. डोंबिवलीहून आम्ही शिळफाटा, ऐरोली आणि पुढे जोगेश्वरी–विक्रोळी लिंक रोड असं गेलो; दोन तास धरले होते, तेवढे लागले. पावसाळ्यात तीन धरा. निघायची रात्र अनंत चतुर्दशीची असेल तर दुपारीच निघा. आणि इथेही निघायची रात्र बघा, विमानाची तारीख नाही! चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवसाचं, पहाटे दोनचं विमान म्हणजे तुम्ही मिरवणुकांच्या गर्दीतूनच जाणार आहात. सामान कमी असेल तर घाटकोपरला मेट्रो १, मरोळ नाक्याला मेट्रो ३, तिथून पुढचंच टी-२ स्थानक. दोन मोठ्या बॅगा आणि आई, अशात ते जमत नाही, आणि उशिरा रात्री मेट्रो नसते. प्रवेशदाराशी सीआयएसएफचे जवान तिकीट आणि पासपोर्ट बघतात, सोडायला आलेल्यांना आत सोडत नाहीत, तेव्हा निरोप बाहेरच नीट घ्या. चेक-इनचा काउंटर साधारण तासभर आधी बंद होतो, काही कंपन्यांचा त्याहूनही आधी.

बॅगांचं वजन घरीच करा. किती किलो ते तिकिटावर असतं.

विमानात पाणी पीत राहा, दोन-अडीच तासांनी उठून चाला, पायांवर सूज येणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारून घट्ट मोजे घाला. शाल हातात. रक्तदाबाच्या गोळीची पुढची वेळ मुंबईच्या घड्याळाने कागदावर लिहून घ्या.

उतरल्यावर घड्याळ: उन्हाळ्यात न्यूयॉर्क आपल्या साडेनऊ तास मागे, हिवाळ्यात साडेदहा. मार्च आणि नोव्हेंबरमध्ये तिथलं घड्याळ बदलतं, आपलं नाही. तिथे उजेड असेपर्यंत झोपू नका. थेट न जाता अमेरिकेत आणखी एक विमान बदलायचं असेल, तर तिथल्या पहिल्या शहरात बहुतेक वेळा बॅगा स्वतः उचलून पुन्हा द्याव्या लागतात.

परतीचं तिकीट आत्ताच उघडा. न्यूयॉर्कहून रात्री निघालेलं थेट विमान मुंबईत दुसऱ्या दिवशी रात्री उतरतं, आणि उशीर झाला तर मध्यरात्र ओलांडून तिसरी तारीख लागते. न्यायला येणाऱ्याला नुसती तारीख सांगू नका. वार सांगा, कुठल्या रात्री ते सांगा आणि त्याच्याकडून उलट वदवून घ्या. मी या वेळी भावाला तीनदा विचारलं. तो वैतागला, पण त्याने कालनिर्णयवर बरोबर चौकोनात लिहिलं होतं.