सत्राचे वेळापत्रक कसे आखावे: गोव्यातील महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी

वेळेचे नियोजन बहुतेकांकडून पहाटे पाचला उठण्याच्या संकल्पाने सुरू होते आणि आठवडाभरात बारगळते. त्याऐवजी आपला वेळ सध्या कोठे जातो, ते आधी पाहावे. सात दिवस खिशात एक छोटी वही ठेवून व्याख्याने, प्रवास, जेवण, मोबाईल, नाटकाची तालीम आणि घरकाम यांची अर्ध्या-अर्ध्या तासाने नोंद करावी. ही नोंद त्या त्या वेळीच करावी, कारण रात्री आठवून लिहिलेल्या हिशेबात मोबाईलचा वेळ हमखास कमी भरतो.

यानंतर अभ्यासाला खरोखर किती तास लागतात, हे ठरवावे. त्यासाठी क्रेडिटची पद्धत उपयोगी पडते, पण विद्यार्थी तिच्याकडे केवळ गुणपत्रिकेपुरते पाहतात. राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यात एका क्रेडिटमागे एकूण ३० तासांचे शिक्षण धरलेले आहे आणि त्यांपैकी व्याख्यानांचे तास साधारण १५ असतात. म्हणजे चार क्रेडिटच्या विषयाची ६० तास व्याख्याने झाली, तर तेवढेच तास स्वतःच्या वाचन-लेखनाचे राहतात. पंधरा आठवड्यांच्या सत्रात ते विषयागणिक आठवड्याला चार तास होतात. प्रात्यक्षिकांच्या विषयांत बराचसा वेळ प्रयोगशाळेतच जात असल्याने हा आकडा कमी होतो. तरीही सर्व विषयांची बेरीज केली की ‘परीक्षेच्या आधी बघू’ हे धोरण का फसते, ते कागदावरच दिसते.

वाळपई, पेडणे किंवा काणकोणहून रोज पणजीला ये-जा करणाऱ्याने बसमधला वेळ पूर्ण अभ्यासाचा म्हणून धरू नये. गर्दीच्या बसमध्ये उभ्याने लिहिता येत नाही आणि वळणावळणाच्या रस्त्यावर वाचणेही अनेकांना सोसत नाही. मात्र वही न उघडता त्या दिवसाचे व्याख्यान मनातल्या मनात उभे करणे तेथे जमते आणि विस्मरणाचा वेग सुरुवातीलाच सर्वाधिक असतो, हे जर्मन मानसशास्त्रज्ञ एबिंगहाउसने १८८५ मध्येच दाखवून दिलेले असल्याने त्याच दिवशीची ही उजळणी वाया जात नाही. संध्याकाळची बस पकडण्यापूर्वी तासभर मोकळा असेल, तर पणजीच्या कदंब स्थानकाजवळ पाटो येथे कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय आहे. घरी पोचल्यावर दमलेल्या अवस्थेत काढलेल्या दोन तासांपेक्षा तेथील एक तास मला अधिक मोलाचा वाटतो. अवघड विषय त्या तासाला द्यावा आणि वही नीट उतरवून काढण्यासारखी कामे घरी करावीत.

सत्राचे नियोजन करताना दिनदर्शिका मागून पुढे वाचावी. प्रथम सत्रान्त परीक्षा, मग अंतर्गत मूल्यमापनाच्या तारखा आणि मग चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, असे टिपून घ्यावे. चवथीच्या आधीचे दिवस साफसफाई, माटोळीचे (गणपतीच्या वर टांगायच्या फळापानांच्या छताचे) सामान आणि सजावट यांत जातात, तर नंतरचे पाहुण्यांत. त्या काळात प्रकल्प पुरा करण्याची आशा बाळगणे म्हणजे घरच्यांशी आणि प्राध्यापकांशी एकाच वेळी वाद ओढवून घेणे होय. जत्रेच्या नाटकात भूमिका घ्यायची असल्यास अवश्य घ्यावी, पण तालमींच्या तारखा होकार देण्यापूर्वी याच पानावर मांडून पाहाव्यात.

एखाद्या कामाला किती दिवस लागतील याचा आपला अंदाज जवळजवळ नेहमी कमी असतो. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी आपला प्रबंध सरासरी ३४ दिवसांत पुरा होईल असे सांगितले होते. प्रत्यक्षात त्यांना सरासरी ५५ हून अधिक दिवस लागले. म्हणून पहिल्या अंदाजाची दीडपट करून तोच आकडा वेळापत्रकात लिहावा. काम मोठे असेल, तर ‘प्रकल्प’ एवढेच न लिहिता ‘प्रश्नावलीचा पहिला मसुदा’ असे एका बैठकीत संपणारे काम लिहावे.

आठवड्यातील दोन तास मुद्दाम रिकामे सोडावेत. पावसात बस चुकली, वीज गेली किंवा घरी कोणी आजारी पडले, तर बुडालेला अभ्यास तेथे भरून काढता येतो. रविवारी संध्याकाळी वीस मिनिटे काढून, राहिलेली कामे पुढच्या आठवड्यात जशीच्या तशी न ढकलता, त्यांपैकी कोणती अजूनही करण्याजोगी आहेत ते ठरवावे आणि उरलेली सरळ खोडून टाकावीत.