तलावातील वनस्पतीप्लवकांची विविधता कशी मोजावी

तलावाच्या पाण्यात कोणकोणते वनस्पतीप्लवक (पाण्यात तरंगणारी सूक्ष्म शैवाले) आढळले याची यादी करणे तुलनेने सोपे असते, पण ती यादी म्हणजे विविधता नव्हे. प्रत्येक प्रकाराचा एकूण संख्येत वाटा किती, हे कळले तरच विविधतेविषयी काही ठामपणे बोलता येते आणि त्यासाठी पाणी भरून घेतल्या क्षणापासून आकारमानाचा हिशेब ठेवावा लागतो.

प्लवकांची जाळी वापरण्याची सवय इथेच नडते. 20 मायक्रोमीटर छिद्रांच्या जाळीतूनही क्लोरेलासारख्या सुट्या, लहान पेशी निसटून जातात आणि संख्येने तर पुष्कळदा त्याच अधिक असतात. म्हणून जाळीत अडकलेला नमुना फक्त ओळख पटवण्यासाठी ठेवावा. मोजणीसाठी न गाळलेले एक लिटर पाणी वेगळे घ्यावे. काठाशी वाऱ्याने तवंग लोटला जातो, त्यामुळे काठ, मध्यभाग आणि पाणी आत येते ते तोंड अशा निदान तीन जागा निवडाव्यात. कशाभिका (पोहण्यासाठीचे चाबकासारखे बारीक तंतू) असलेले प्लवक दिवसभरात खालीवर सरकत असल्याने दर वेळी एकाच प्रहरी नमुना घ्यावा. हिरवा तवंग दिसत असेल तर हातमोजे घालावेत, कारण मायक्रोसिस्टिससारखी नीलहरित शैवाले विषारी द्रव्ये तयार करू शकतात.

मोजणीच्या नमुन्यात लगेच ल्युगॉलचे आयोडीन द्रावण थेंबाथेंबाने घालावे आणि पाण्याला फिक्या कोऱ्या चहाचा रंग आला की थांबावे. बाटली अंधारात ठेवावी. रंग उडत गेल्यास थोडे द्रावण पुन्हा घालावे. थोडे पाणी मात्र काहीही न मिसळता जिवंत ठेवून त्याच दिवशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे, कारण युग्लीनाची हालचाल आणि पेशींचे मूळ रंग आयोडीननंतर दिसत नाहीत.

ओळख पटवताना हेच आयोडीन उपयोगी पडते. सीनडेस्मस, पेडिअ‍ॅस्ट्रम, कॉस्मेरियम यांसारख्या हरित शैवालांत स्टार्च असल्याने त्यांच्या पेशी गडद, जवळजवळ काळपट होतात; युग्लीना आणि फॅकस यांच्यातील पॅरामायलॉनला (स्टार्चऐवजी साठवलेल्या पदार्थाला) हा रंग चढत नाही. नीलहरित शैवालांत वेगळे हरितलवक नसते, त्यामुळे जिवंत पेशीत रंग सर्वत्र पसरलेला दिसतो. डायटम तर त्यांच्या सिलिकायुक्त कवचावरील रेषांवरून ओळखायचे. त्यांची जाती ठरवायची असेल तर कवच आम्लाने स्वच्छ करून 100 पट वस्तुभिंगाखाली तेल लावून पाहण्यावाचून गत्यंतर नाही.

नमुना उंच नळकांड्यात एक-दोन दिवस स्थिर ठेवावा आणि वरचे पाणी बारीक नळीने हळूहळू काढून घेऊन 50 मिलिलिटर गाळ उरवावा, म्हणजे तो 20 पट दाट होतो. वायुपुटिका (हवेच्या सूक्ष्म पोकळ्या) असलेले मायक्रोसिस्टिस तळाशी न बसता तरंगत राहते, तेव्हा वरचे पाणी टाकण्याआधी तेही तपासावे. आता सेजविक-राफ्टर कक्षात, म्हणजे चौकोन आखलेल्या मोजणीच्या काचपट्टीत, 1 मिलिलिटर भरून पेशी बसू द्याव्यात. या कक्षात 1000 चौकोन असतात. समजा, 100 चौकोनांत सीनडेस्मसच्या 40 वसाहती (एकत्र जोडलेल्या पेशींचे गट) आढळल्या, तर दाट नमुन्यात प्रतिमिलिलिटर 400 आणि मूळ पाण्यात 20 वसाहती झाल्या. पेशी मोजायच्या की वसाहती हे आधीच ठरवावे, कारण मधेच पद्धत बदलली तर सारे आकडे निरुपयोगी होतात. एकूण सुमारे 400 एकके मोजल्यास चूक साधारण 10 टक्क्यांच्या आत राहते. 100 वर थांबल्यास ती 20 टक्क्यांपर्यंत जाते.

यानंतर शॅनन निर्देशांक, म्हणजे विविधता एका आकड्यात सांगणारे माप, काढावा: प्रत्येक प्रकाराचा वाटा त्याच वाट्याच्या नैसर्गिक लॉगॅरिदमने गुणावा, बेरीज करावी आणि चिन्ह बदलावे. दहा प्रकार समसमान असतील तर उत्तर 2.30 येते, त्याच दहांपैकी एकाचा वाटा 91 टक्के आणि बाकीच्यांचा प्रत्येकी 1 टक्का असेल तर ते केवळ 0.50 उरते. यादी दोन्हीकडे दहाचीच, तलाव मात्र अगदी वेगळे. लॉगॅरिदमचा पाया 2 घेतला की आकडा वाढतो, म्हणून कोणता पाया वापरला हे नोंदीत लिहिल्याशिवाय दोन तलावांची तुलना करू नये.