तीन बोर्ड, एक फाइल आणि श्वासाचा आलेख

वाय-फायवरून श्वास मोजायचा, हा माझा फायनल इयरचा प्रोजेक्ट. ब्रँच ई अँड टीसी (इलेक्ट्रॉनिक्स आणि टेलिकम्युनिकेशन), लॅब म्हणजे पुण्यातली भाड्याची खोली. रूममेट कॉटवर आडवा, तीन कोपऱ्यांत पाठवणारे तीन ईएसपी32 (वाय-फाय असलेले छोटे) बोर्ड आणि टेबलावर ऐकणारा चौथा. छाती वर-खाली झाली की अंगावरून परतणाऱ्या लहरींची वाट काही मिलिमीटरनं बदलते. 2.4 गिगाहर्ट्झला तरंगलांबी साधारण 12.5 सेंटिमीटर, त्यामुळे एवढासा बदलही सीएसआयमध्ये उमटतो. सीएसआय म्हणजे प्रत्येक सबकॅरिअर (वाय-फायच्या पट्ट्यातली एक छोटी उपलहर) वाटेत किती क्षीण झाला आणि त्याची फेज (लहरीची आवर्तनातली जागा) किती सरकली, याची नोंद.

पहिला आलेख करवतीच्या दातांसारखा आला. तिघांचे सिग्नल हवेत मिसळले असणार असं धरून मी इंडिपेंडंट कंपोनंट अ‍ॅनालिसिसच्या, म्हणजे मिसळलेले सिग्नल गणितानं सुटे करण्याच्या, मागे लागलो. त्यात तीन आठवडे गेले. शेवटी आमच्या गाइड मॅडमनी फाइलच्या पहिल्या वीस ओळी प्रिंट करून आणायला सांगितल्या आणि पेनानं एका कॉलमखाली रेघ मारली. तो पाठवणाऱ्याचा मॅक अ‍ॅड्रेस, म्हणजे त्या बोर्डाचा ओळख क्रमांक, होता. पहिला बोर्ड, तिसरा, पहिला, दुसरा, तिसरा... माझी करवत तिथूनच आली होती. तीन वेगळ्या वाटांची मापं मी एकाच रेषेत जोडत होतो.

एकाच चॅनलवरची वाय-फाय उपकरणं आधी कानोसा घेतात, हवा मोकळी असेल तरच बोलतात. दोघं एकदम बोललेच तर पॅकेट बहुधा खराब होतं आणि तपासणीत गळतं. म्हणजे हाती आलेलं प्रत्येक माप शक्यतो एकाच ट्रान्समीटरचं असतं. सिग्नल सुटे करण्याचं ते गणित मला लागू पडणारच नव्हतं, कारण त्याला एकाच क्षणी मिसळलेली मापं लागतात. तेव्हा सुरुवात करताना आधी मॅक अ‍ॅड्रेसप्रमाणे फाइल वेगळी करा. मग टाइमस्टॅम्प बघा. पॅकेटं गळाल्यामुळे अंतरं सारखी नसतात, म्हणून इंटरपोलेशन करून (मधली मापं अंदाजानं भरून) ती समान केल्याशिवाय एफएफटी (सिग्नलमध्ये कोणत्या वारंवारता आहेत ते काढणारं गणित) लावू नका. फेजच्या वाटेला लगेच जाऊ नका, प्रत्येक बोर्डाचा क्रिस्टल, म्हणजे त्याचं घड्याळ, थोडा वेगळा चालतो. अ‍ॅम्प्लिट्यूडवर, म्हणजे सिग्नलच्या ताकदीवर, बरंच काम होतं.

खरोखर एकाच वेळी पाठवलेले सिग्नल वेगळे करणं बघायचं असेल तर 802.11एन या वाय-फाय मानकातला प्रिअँबल (पॅकेटच्या सुरुवातीचा ठरलेला भाग) वाचा. मला तो फार आवडतो. दोन अँटेना एकाच क्षणी ओळखीचा नमुना दोनदा पाठवतात, फक्त पहिली अँटेना दुसऱ्या वेळी चिन्ह उलटं करते. वाटांचा परिणाम अ आणि ब धरला, तर रिसीव्हरला आधी अ+ब मिळतं, मग ब−अ. बेरीज केली की 2ब, वजाबाकी केली की 2अ. दोन्ही वाटा हातात! दोन वेगळ्या राऊटरांमध्ये असं संगनमत आपोआप नसतं, त्यांना पाळ्या लावून द्याव्या लागतात. 2025 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 802.11बीएफ या वाय-फाय सेन्सिंगच्या मानकात मोजमापाच्या वेळा आधी ठरवायची सोय आहे.

फाइल वेगळी केल्यावर पहिल्या बोर्डावर 0.3 हर्ट्झचं सुंदर शिखर दिसलं. मिनिटाला 18 श्वास! पण रूममेट पाणी प्यायला उठून गेला तरी शिखर जागेवरच. संशय पंख्यावर गेला. मोबाइलच्या स्लो-मोशनमध्ये मोजला तर मिनिटाला 206 फेऱ्या निघाल्या. पाती तीन, म्हणजे सेकंदाला 10.3 वेळा पातं एका जागेवरून जातं. आणि मी घेत होतो सेकंदाला 10 मापं. मापं इतकी विरळ असली की 10.3 मधले 10 दिसतच नाहीत; उरलेले 0.3 श्वासाचं सोंग घेऊन बसले होते.

इथे तीन ट्रान्समीटर असण्याचा खरा फायदा कळला. पहिल्या बोर्डाला सेकंदाला 10 पॅकेटं ठेवली, दुसऱ्याला 12, तिसऱ्याला 15. पंख्याचं शिखर तिन्हीकडे वेगळ्या जागी गेलं, 10.3 आणि मापांचा वेग यांतल्या फरकाइतकं: 0.3, 1.7 आणि 4.7 हर्ट्झ. श्वास मात्र तिन्हीकडे एकाच जागी राहायला हवा. रूममेट पुन्हा आडवा झाला आणि तिन्ही आलेखांत 0.25च्या आसपास एक छोटं शिखर उगवलं. घड्याळ लावून त्याचे श्वास मोजले. मिनिटाला पंधरा.