ले-ऑफनंतर प्रॉडक्ट मॅनेजरच्या मुलाखतीची तयारी: ‘आकडा का घसरला?’ हा प्रश्न आधी पक्का करा

प्रॉडक्ट मॅनेजर म्हणजे ॲपसारख्या उत्पादनात काय बनवायचं आणि का, ते ठरवणारा माणूस. ले-ऑफची, म्हणजे कंपनी माणसं कमी करत असल्याची, मेल आली की आधी कागदपत्रं ताब्यात घ्या: रिलीव्हिंग लेटर, पगाराच्या शेवटच्या स्लिपा, पीएफचा यूएएन (खात्याचा कायमचा क्रमांक). लॅपटॉप परत गेला की आपल्याच कामाचे आकडे आपल्याला दिसेनासे होतात. म्हणून कुठला निर्णय तुम्ही घेतलात, त्याला कोणाचा विरोध होता आणि शेवटी काय बदललं, हे त्याच आठवड्यात आठवून वहीत लिहा. कंपनीच्या फायली मात्र घरी आणू नका. करारात त्याची मनाई असते, आणि ते गैरही आहे.

रेझ्युमे एका पानाचा करा, रेफरल (कंपनीतल्या माणसाची शिफारस) जुन्या सहकाऱ्यांकडून घ्या. ‘आजच शंभर ठिकाणी अर्ज टाक’ असं सांगणारे भेटतील, त्यांचं ऐकू नका. जिथे खरंच जायचंय तिथली मुलाखत तयारी नसताना दिली आणि नकार आला, तर पुन्हा दार उघडायला बहुधा काही महिने जातात.

‘नोकरी का गेली?’ याचं उत्तर दोन वाक्यांत संपवा: टीम बंद झाली, त्यात माझं पद गेलं. नोव्हेंबर २०२२ मध्ये मेटाने ११,००० आणि जानेवारी २०२३ मध्ये गुगलने १२,००० जणांना कमी करत असल्याचं जाहीर केलं, तेव्हापासून समोरच्यालाही हा विषय नवा नाही. जुन्या साहेबांबद्दल एक शब्द बोलू नका.

मेटात मुख्य फेऱ्या तीन: प्रॉडक्ट सेन्स (वापरणाऱ्याची गरज ओळखून काय बनवावं हे सुचणं), विश्लेषण आणि नेतृत्व. ॲमेझॉन आपल्या १६ लीडरशिप प्रिन्सिपल्सच्या (काम कसं करावं याच्या तत्त्वांच्या) आधारे तुमच्या कामातले प्रसंग विचारते. त्यासाठी वहीतले प्रसंग कामी येतात. प्रॉडक्ट सेन्ससाठी रोज एका ॲपचा एकच वापरणारा धरून विचार करा, महिन्याभरात हात बसतो.

विश्लेषणाचं तसं नाही. मला स्वतःला हीच फेरी सर्वांत जड गेली, आणि आता सराव-मुलाखती घेताना चांगली अनुभवी माणसंही इथेच अडकताना दिसतात. प्रश्न साधा वाटतो: ‘फूड डिलिव्हरी ॲपच्या गोव्यातल्या ऑर्डरी गेल्या वर्षीच्या याच आठवड्यापेक्षा १८ टक्क्यांनी घसरल्या. काय कराल?’ पाठ केलेला फ्रेमवर्क (उत्तराचा ठरलेला साचा) घेऊन आलेला उमेदवार लगेच कारणांची माळ लावतो: पाऊस असेल, स्पर्धक असेल, ॲपमध्ये बिघाड असेल. इथेच मुलाखत हातची जाते. समोरच्याला तुमचा अंदाज नको असतो. तुम्ही कुठली माहिती कुठल्या क्रमाने मागता, हे त्याला बघायचं असतं.

पहिला प्रश्न आकड्याच्या व्याख्येचा. ऑर्डर म्हणजे नोंदवलेली की पोचलेली? दुसरा तुलनेचा, आणि तो जवळजवळ सगळे विसरतात. समजा हा आठवडा ऑगस्ट २०२५ चा शेवटचा आहे. त्या वर्षी चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, २७ ऑगस्टला आली. २०२४ मध्ये ती ७ सप्टेंबरला होती. चवथीला पणजीतली कितीतरी कुटुंबं फोंडा, पेडणे, डिचोलीच्या मूळ घरी जातात आणि जेवण घरीच शिजतं. म्हणजे तुम्ही सणाचा आठवडा बिनसणाच्या आठवड्याशी ताडून बघताय. चवथीचा आठवडा चवथीच्या आठवड्याशी लावला तर ती घसरण कदाचित उरणारही नाही. तुलना गेल्या वर्षाऐवजी आधीच्या महिन्याशी असेल आणि मासळीच्या थाळ्यांच्या ऑर्डरी घसरल्या असतील, तर १ जून ते ३१ जुलैची मासेमारी बंदीही अशीच तपासायची.

तरीही घसरण उरली, तर आकडा फोडा. ॲप उघडणारे किती, हॉटेलचं पान बघणारे किती, पदार्थ निवडणारे किती, पैसे भरणारे किती? उघडणारेच घटले असतील तर कारण बहुतेक ॲपच्या बाहेर आहे. उघडणारे तेवढेच, पण पैसे भरताना गळती वाढली असेल, तर यूपीआयचे अयशस्वी व्यवहार बघा. पदार्थ निवडून माणसं परत फिरत असतील तर पोचायला किती वेळ दाखवतोय ते विचारा. डिलिव्हरीवालेही सणाला गावी गेलेले असू शकतात. मग बार्देश, तिसवाडी, सासष्टी असा तालुक्यांनुसार फरक, अँड्रॉइड-आयफोन फरक, नवे-जुने ग्राहक. प्रत्येक तुकडा का मागताय ते आधी सांगा: ‘हे घटलं असेल तर मी या बाजूला वळेन, नसेल तर ही शक्यता सोडेन.’ न सांगता नुसते तुकडे मागत गेलात तर तुम्ही चाचपडताय असंच दिसतं.

शेवटी निर्णय द्या, आणि तो ‘काही करू नये’ असाही असू शकतो. कारण सण असेल तर घाईघाईने सवलती वाटणं म्हणजे पैसे वाया घालवणं. हे ठामपणे म्हणा, आणि कुठला आकडा किती दिवसांत सावरला नाही तर मत बदलाल तेही जोडा.

हा सराव मनातल्या मनात होत नाही. वाचायला पणजीत पाटोची सेंट्रल लायब्ररी उत्तम, पण इथे तोंडाने बोलावं लागतं, फोनवर रेकॉर्ड करावं लागतं आणि ते ऐकावंही लागतं. शक्यतो या पदावर आत्ता काम करणाऱ्या माणसाला मध्येच अडवायला बसवा. त्याने तीनदा अडवल्यावरही धागा सुटला नाही, तर फेरीला जायला हरकत नाही.

पावसाळ्यात राउटर इन्व्हर्टरवर ठेवा आणि फोनचा हॉटस्पॉट तयार असू द्या. फेरी कॅलिफोर्नियातून असेल तर उन्हाळ्यात तिथले सकाळचे ९ म्हणजे आपले रात्रीचे ९:३०. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडची घड्याळं मागे गेली की १०:३०. रिक्रूटरकडून (मुलाखत ठरवणाऱ्या कंपनीच्या माणसाकडून) भारतीय वेळ लिहून घ्या, आणि रात्रीच्या फेरीचा सराव रात्रीच करा.